जुन्या पोटनिवडणुकीचा निकाल कसा वाचावा: ईस्ट फुलम, 1933

दोन महायुद्धांमधल्या ब्रिटनवर प्रकल्प लिहिणाऱ्या नाशिकच्या विद्यार्थ्यांनी लंडनमधील ईस्ट फुलम मतदारसंघाची 25 ऑक्टोबर 1933 ची पोटनिवडणूक अवश्य घ्यावी. मात्र सुरुवात इतरांच्या भाष्यापासून न करता आकड्यांपासून करावी.

वहीत 1931 आणि 1933 असे दोन रकाने आखावेत. पहिल्यात 1931 च्या सार्वत्रिक निवडणुकीतील याच मतदारसंघाची मते, म्हणजे हुजूर पक्षाची 23,438 आणि मजूर पक्षाची 8,917 मते मांडावीत. दुसऱ्यात सरळ लढतीतील मते येतील: हुजूर पक्षाचे वॉल्ड्रन 12,950 आणि मजूर पक्षाचे जॉन विल्मट 17,790. एका बाजूची 10,488 मते घटली, दुसरीची 8,873 वाढली. पण त्यांतले पक्ष बदललेले किती आणि घरी बसलेले किती, हे या वजाबाकीतून कळत नाही, म्हणून तसे विधान करू नये. शिवाय 1931 ची निवडणूक आर्थिक संकटातली होती आणि राष्ट्रीय सरकारला (हुजूर पक्षाचे वर्चस्व असलेल्या अनेक पक्षांच्या संयुक्त सरकारला) तेव्हा विलक्षण बहुमत मिळाले होते, त्यामुळे ती पायाभूत धरताना हात आखडता ठेवावा. तिसरा रकाना 1935 चा: त्या सार्वत्रिक निवडणुकीत हुजूर पक्षाने ही जागा परत मिळवली.

त्यानंतर कारणांकडे वळावे. मतदानाच्या अकरा दिवस आधी जर्मनीने शस्त्रकपातीसाठी भरलेली नि:शस्त्रीकरण परिषद आणि राष्ट्रसंघ (पहिल्या महायुद्धानंतरची देशांची संघटना) सोडण्याची घोषणा केली होती, तेव्हा युद्ध-शांततेचा प्रश्न प्रचारात तापणारच. पण घरांची टंचाई, बेकारी आणि बेकारभत्त्यापूर्वी घरातल्या सर्वांची मिळकत तपासण्याचा नियम हेही मुद्दे होते. नाशिकमधल्या सिडको-सातपूरच्या प्रभागात दिल्लीच्या प्रश्नावर सभा कितीही गाजली, तरी मतदाराला बटण दाबताना नळाचे पाणी आठवते, हे आपल्याला सांगायला नको.

सर्वांत जपून वापरायचा पुरावा म्हणजे पंतप्रधान बॉल्डविन यांचे 12 नोव्हेंबर 1936 चे संसदेतील भाषण. ब्रिटनच्या शस्त्रसज्जतेला उशीर का झाला याचे समर्थन करताना त्यांनी ही जागा केवळ शांततावादाच्या मुद्द्यावर, सुमारे 7,000 मतांनी गेल्याचे सांगितले. आपल्या रकान्यातली वजाबाकी 4,840 येते! हॅन्सार्ड, म्हणजे संसदेच्या चर्चांची छापील नोंद, इंटरनेटवर विनामूल्य मिळते. तिथून संपूर्ण परिच्छेद उतरवून घ्यावा आणि प्रकल्पात तो 1933 च्या मतदाराचे मन म्हणून नव्हे, तर 1936 मधील पंतप्रधानांचा बचाव म्हणून द्यावा.