चार प्लेटा, चार आकडे

डेंगीच्या लशीवर काम करायला आलेल्या नव्या मुलांना मी पहिला आठवडा नुसतं प्लाक, म्हणजे विषाणूनं पेशींच्या थरात पाडलेली भोकं, मोजायला बसवते. रक्तातली प्रतिपिंडं विषाणूला किती अडवतात, ते या भोकांवरून कळतं. कंटाळतात बिचारी.

आदल्या दिवशी चोवीस खळग्यांच्या प्लेटेत व्हेरो पेशी (माकडाच्या मूत्रपिंडातून वाढवलेल्या) पेरा. सकाळी थर सलग दिसला नाही तर प्लेट सरळ टाकून द्या, लोभ नको. सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वर उरणारा द्रव, ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवा, दुपटीदुपटीनं पातळ करत न्या, प्रत्येकात तेवढाच विषाणू मिसळून ३७ अंशांवर तासभर ठेवा. मग ते पेशींवर घाला. आणखी एक तास, पण दर पंधरा मिनिटांनी प्लेट डोलवायची, नाहीतर मधला भाग सुकतो. वर आगरचा, म्हणजे जेलीसारखा, घट्टसर थर ओता, म्हणजे विषाणू लांब न पळता शेजारच्या पेशीतच शिरतो. सुरुवातीला मी घाईत आगर गरमच ओतलं होतं. सहा दिवसांनी रंगवलं तर सगळे खळगे पांढरे. पेशी विषाणूनं नव्हे, माझ्या हातून मेल्या होत्या!

पाच-सहा दिवसांनी पेशी जागीच पक्क्या करायला फॉर्मालिन, मग क्रिस्टल व्हायोलेटचा जांभळा रंग, मग नळाखाली धुवा. जिवंत पेशी जांभळ्या, विषाणूनं खाल्लेली जागा पांढरं भोक. सीरम न घातलेल्या खळग्यात ५० भोकं असतील, तर ती २५ किंवा त्याहून कमी ठेवणारं सर्वांत पातळ सीरम किती पट पातळ आहे, तो तुमचा आकडा.

हे सगळं चारदा करायचं, कारण डेंगीचे प्रकार चार. चारांची सरासरी काढून आणलीत तर वही परत मिळेल. सरासरीत एखाद्या प्रकाराचा कमी आकडा लपून जातो, आणि अर्धवट प्रतिपिंडं विषाणूला अडवायच्या ऐवजी पेशीत शिरायला हातभार लावू शकतात.

आणि चारही आकडे चांगले आले म्हणून हुरळू नका. डेंगव्हॅक्सिया या डेंगीच्या लशीच्या थायलंडमधल्या चाचणीत ४,००२ मुलं होती. प्लेटेत प्रकार क्रमांक दोनविरुद्ध प्रतिपिंडं दिसत होती, तरी २०१२ साली निकाल आला तेव्हा त्याच प्रकारापासून संरक्षण जवळपास नव्हतं. २०१६ पासून फिलिपिन्समध्ये ८ लाखांहून जास्त मुलांना ही लस दिली गेली. नोव्हेंबर २०१७ मध्ये लस बनवणाऱ्या कंपनीनंच सांगितलं, की आधी कधीच डेंगी न झालेल्यांना लशीनंतर आजार तीव्र होण्याचा धोका वाढतो. मोहीम थांबली.

कोणाला आधी डेंगी होऊन गेलाय, हे सांगते लस टोचण्यापूर्वीच्या रक्ताची नळी. तिचा डबा उणे ८० अंशांच्या फ्रीजरमध्ये वेगळा ठेवा. आणि चिठ्ठी पेन्सिलीनं लिहा. पेनाची शाई अल्कोहोल लागलं की जाते.