चालू चेनसॉ खाली ठेवताना

३ जून २०२०ला निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या बाजूने आत शिरलं आणि आमच्या आगरातल्या पोफळी एकावर एक आडव्या झाल्या. पुढे दीड महिना चेनसॉचं मशीन रोज हातात होतं. एका दुपारी चालू मशीन पडलेल्या आंब्याच्या खोडावर टेकवलं आणि मी फांदी ओढायला वाकलो. रेस सोडलेली होती, ब्रेक लावला नव्हता. मशीन थरथरत ओल्या सालीवरून घसरलं आणि सरकती चेन मांडीला लागली. पँट फाटली, कातडीवर लांब ओरखडा उठला, तेवढ्यावर निभावलं. तेव्हापासून नवीन पोरगा कामाला आला की लाकूड कापण्याआधी मी त्याला मशीन खाली ठेवायला शिकवतो.

रेस सोडली की चेन लगेच थांबत नाही, क्षणभर फिरत राहते. म्हणून काप संपला की पट्टी, म्हणजे जिच्यावर चेन फिरते ती, लाकडातून बाहेर घ्या, बोट ट्रिगरवरून काढा, चेन थांबलेली डोळ्यांनी बघा आणि ब्रेक लावा. पुढच्या मुठीसमोर जी ढाल असते ना, ती पुढे ढकलली की ब्रेक लागतो, मुठीकडे ओढली की सुटतो. डावा हात मुठीवरून सोडायचा नाही. मनगट पुढे वळवून हाताच्या पाठीनेच ढाल ढकलायची, खट्ट असं वाजलं पाहिजे. हे सगळं मशीन दोन्ही हातांत असतानाच. आधी ठेवायचं आणि मग ब्रेक लावायचा, ही सवय मला अजिबात मान्य नाही. माझी मांडी त्याच मधल्या वेळात सापडली. घाम पुसायचा असो की दोन पावलं सरकायचं असो, आधी ब्रेक.

जागा सपाट हवी. गोल खोडावर नको, उतारावर नको. पातेऱ्यात, म्हणजे गळलेल्या पानांत तर नकोच, सायलेन्सर तापलेला असतो आणि सुका पातेरा पेटायला वेळ लागत नाही. पट्टीचं टोक माणसांकडे करू नका, मातीत खुपसू नका. मातीने धार जाते, मग कानस घेऊन बसा.

चालू ठेवायचं ते हाताच्या अंतरावर, नजरेसमोर असेपर्यंतच. पाठ फिरवायची असेल किंवा पेट्रोल आणायला जायचं असेल तर बंद करा. गरम मशीन पुन्हा एक-दोन ओढीत चालू होतं, दोरी ओढायचा कंटाळा करू नका.

रोज सकाळी एक गोष्ट तपासा. मशीन थोडं तापलं की दोन्ही हातांत धरून ब्रेक सोडा आणि रेस न देता चेनकडे बघा. ती जागची हलता कामा नये. हळूहळू सरकत असेल तर स्लोचा, म्हणजे रेस न देता इंजिन ज्या वेगाने चालतं त्याचा स्क्रू थोडा सैल करा. तरी सरकलीच तर क्लचची स्प्रिंग ढिली झालेली असू शकते, मेकॅनिकला दाखवल्याशिवाय काम सुरू करू नका. चोकवर चालू केलेलं मशीन मोठ्या रेसवर अडकलेलं असतं, हेही लक्षात ठेवा. ट्रिगर एकदा दाबून लगेच सोडला की ते स्लोवर येतं. मगच ब्रेक सोडायचा. ब्रेक लागलेला असताना रेस देत राहिलात तर क्लच जळतो.

उचलताना आधी डाव्या हाताने पुढची मूठ धरा. मागच्या मुठीत ट्रिगर आहे, तिथे घाईने हात घालू नका. दोन्ही हात बसले, पाय रोवले, लाकूड समोर आलं, की ढाल मागे ओढा.