गार करायची दहा मिनिटं: टीव्हीवरच्या कपकेक स्पर्धेची तयारी

मागच्या वर्षी मार्चमध्ये मी आणि माझ्या मोठ्या जाऊबाई एका मराठी वाहिनीच्या बेकिंग स्पर्धेत जोडीने उतरलो होतो. शेवटच्या फेरीपर्यंत गेलो, दुसऱ्या आलो. तेव्हापासून ओळखीच्या बायका, सोसायटीतली कॉलेजची मुलं ऑडिशनच्या आधी घरी येतात. आल्या आल्या डिझाइनचं विचारतात, रंगांचं विचारतात. मी प्रत्येकाला आधी एकच विचारते: तुमचा कपकेक ओव्हनमधून बाहेर आल्यापासून क्रीम लावण्याइतका गार व्हायला किती मिनिटं लागतात? आजवर एकालाही चटकन सांगता आलेलं नाही.

घरी आपण कपकेक काढतो, जाळीवर ठेवतो आणि भाजी फोडणीला टाकून येतो. टीव्हीवर तेवढा वेळ नसतो. नीट भाजलेल्या कपकेकचा गाभा बाहेर येताना ९६ ते ९८ अंश सेल्सिअस असतो आणि लोणी ३२ ते ३५ अंशांला वितळतं. गरम कपकेकवर काढलेलं क्रीमचं फूल मिनिटाभरात बसतं आणि कडेने ओघळतं. कॅमेऱ्यात ते सगळ्यात आधी दिसतं. म्हणून गार करायला दहा मिनिटं राखून ठेवायची आणि बाकीचं सगळं त्या दहा मिनिटांभोवती बसवायचं. माझी पूर्ण पद्धत एवढीच आहे. खाली जे सांगते आहे ते ती दहा मिनिटं कुठून कुठून वाचवायची, याबद्दल आहे.

अमेरिकेतल्या ‘कपकेक वॉर्स’ या कार्यक्रमामुळे या स्पर्धांचा साचा बऱ्याच जणांना माहीत असतो. पहिली फेरी ४५ मिनिटांची, फक्त चवीची. दुसरी ७५ मिनिटांची, त्यात तीन प्रकार आणि मांडणी. तिसरीत दोन तासांत १००० कपकेक, मदतीला चार माणसं. आपल्याकडे आकडे वेगळे असतात, आमच्या शेवटच्या फेरीत दीड तासात २०० होते. पण सराव मात्र ४५ मिनिटांवरच करा. त्यात जमलं तर पुढे सगळं जमतं.

४५ मिनिटं उलटी मोजायची. शेवटची दोन ताटलीत मांडायला. त्याआधीची पाच सारण भरायला आणि क्रीम काढायला. त्याआधीची दहा गार करायला. त्याआधी १८ मिनिटं भाजायला. म्हणजे मिश्रण भरलेला ट्रे दहाव्या मिनिटाला ओव्हनमध्ये गेलाच पाहिजे, त्यातही ओव्हन तापायला लागतो म्हणून तो पहिल्या सेकंदाला चालू करायचा. आमच्या ओट्यासमोर फ्रिजवर हे आकडे कागदावर लिहून लावले होते. जाऊबाई मोठ्याने मिनिटं पुकारायच्या आणि मी उलट उत्तर द्यायची नाही, असं ठरलं होतं. जोडीत एकाच्याच हाती घड्याळ असू द्या.

आता दहा मिनिटांत मिश्रण तयार करायचं तर लोणी आणि साखर फेटत बसायला वेळ नाही. लोणी नीट फेटलं जायला ते १८ ते २० अंशांवर असावं लागतं. पुण्यातल्या एप्रिलच्या दुपारी ते ओट्यावर पातळ होतं आणि स्टुडिओच्या एसीत दगड होऊन बसतं. म्हणून स्पर्धेसाठी तेलाचा कपकेक निवडा. तेल गार झालं तरी पातळच राहतं, त्यामुळे कपकेक फ्रीझरमध्ये सहा मिनिटं ठेवला तरी मऊ लागतो. लोण्याचा कपकेक त्याच सहा मिनिटांत आवळतो आणि परीक्षकांच्या तोंडात कोरडा लागतो. लोण्याचा वास हवा असेल तर तो क्रीममधून आणा.

आमचं प्रमाण सांगते, अंड्याशिवायचं. मैदा १९० ग्रॅम, गोड ताजं दही २४० ग्रॅम, साखर १५० ग्रॅम, वास नसलेलं तेल ११० ग्रॅम, बेकिंग पावडर सव्वा छोटा चमचा, खायचा सोडा अर्धा छोटा चमचा, चिमूट मीठ. दही आणि साखर विरघळेपर्यंत फेटायची, त्यात सोडा आणि पावडर घालून दोन-तीन मिनिटं थांबायचं, बुडबुडे आले की तेल, मग चाळलेला मैदा दोनदा करून. मैदा घातल्यावर फेटायचं नाही, फक्त मिसळायचं. जास्त घोटलं की कपकेक चिवट होतात आणि डोक्यावर टोक येतं. कप दोन तृतीयांश भरायचे, साधारण ४५ ग्रॅम. १७५ अंशांवर १८ मिनिटं. ओव्हनला पंखा असेल तर १५-२० अंश कमी. एवढ्यात चौदा-पंधरा कपकेक होतात, पण पहिल्या फेरीत तीन-चारच चाखायला लागतात. म्हणून अर्धंच प्रमाण करा आणि सात भाजा. ओव्हनमध्ये कमी माल गेला की तो चटकन पुन्हा तापतो, सगळे सारखे फुगतात आणि गार करायलाही कमी राहतात. पहिल्या फेरीत चोवीस भाजणारे स्पर्धक मी पाहिले. त्यांनी ती मिनिटं स्वतःच्याच हाताने घालवली.

वजनकाटा वापरा. वाटी-कपाच्या मापाने घरचा केक चांगला होतो, पण स्टुडिओतला कप आपला नसतो.

गार करण्याचं आता नीट सांगते, कारण इथे आम्ही सगळ्यात जास्त डोकं लावलं. कपकेक बाहेर आले की दोन मिनिटांत ट्रेमधून काढायचे. ट्रेमध्ये राहिले तर खाली वाफ साठते, तळ ओला होतो आणि कागद सुटायला लागतो. चौथ्या मिनिटाला मोठ्या नोझलच्या, म्हणजे क्रीमच्या पिशवीला पुढे लावतात त्या टोकाच्या, मागच्या बाजूने मधोमध गोल काढून घ्यायचा. सारणासाठी खड्डा तर हवाच असतो. तो गरम असतानाच केला की आतली वाफ तिथून निघून जाते. यात आमची जवळजवळ तीन मिनिटं वाचली. मग कपकेक गार केलेल्या ॲल्युमिनियमच्या ट्रेवर ठेवून उरलेली सहा मिनिटं फ्रीझरमध्ये. स्टीलपेक्षा ॲल्युमिनियम उष्णता फार लवकर ओढून घेतं, म्हणून ट्रे ॲल्युमिनियमचाच आणि तो सुरुवातीलाच फ्रीझरमध्ये टाकून ठेवायचा. सेटवर फ्रीझर एकच असतो आणि सगळे त्यात एकदम घुसतात. आधी ठेवलेला ट्रे तिथे आपली जागाही धरून ठेवतो. शेवटी कपकेकचा तळ मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा. ऊब जाणवली नाही तरच क्रीम.

चव काय निवडायची? परीक्षक दिवसभर व्हॅनिला आणि चॉकलेट खात असतात. आपल्या गावचं काहीतरी द्या, पण ज्याची चव तुमच्या जिभेला पाठ आहे तेच. आम्ही अंजीर मस्तानी केली. मार्चमध्ये पुरंदरची अंजिरं बाजारात असतात. सासवडच्या बाजूची ही अंजिरं, २०१६ साली त्यांना भौगोलिक मानांकन मिळालं. पिकलेली आठ अंजिरं, दोन चमचे साखर, अर्धं लिंबू, जाड बुडाच्या कढईत सात मिनिटं आटवायची आणि लगेच बर्फावर ठेवलेल्या थाळीत पसरायची. वाटीत ठेवली तर मधून गरमच राहतात. हे सारण. वरच्या क्रीमला आटवलेल्या दुधाची आणि वेलचीची चव, त्यावर पिस्ते आणि एक छोटा गोळा, मस्तानीवर आइस्क्रीमचा असतो तसा. परीक्षकांनी पहिला घास घेतला आणि त्यातले एक सर म्हणाले, “हे पुण्याचं आहे.” त्या क्षणी जाऊबाईंनी माझा हात घट्ट धरला होता.

श्रीखंडाच्या क्रीमचा धडा मात्र आम्हाला महागात पडला. दुसऱ्या फेरीत पुरणपोळीचा कपकेक होता: जायफळाचा स्पंज, आत पुरण, वर श्रीखंड. घरी चारदा उत्तम झाला होता. सेटवर परीक्षकांपर्यंत पोचेपर्यंत क्रीमच्या खाली पाण्याची गोल रेघ आली होती. चक्क्यात साखर घातली की ती पाणी ओढून काढते, हे आपल्या प्रत्येक घरात ठाऊक असतं. श्रीखंड वाटीत असतं म्हणून दिसत नाही, इतकंच. त्या फेरीत आमचे गुण गेले आणि मला रात्री झोप लागली नाही. नंतर घरी उपाय सापडला. चक्का फडक्यात बांधून, वर वजन ठेवून रात्रभर फ्रिजमध्ये निथळवायचा. ३०० ग्रॅम चक्क्याला २०० ग्रॅम पांढरं चॉकलेट वितळवून, कोमट असताना मिसळायचं. चक्का फ्रिजमधून काढल्या काढल्या वापरू नका, नाहीतर चॉकलेटच्या गुठळ्या होतात. चॉकलेट गार झालं की क्रीमला आकार धरून ठेवतं, चक्क्याच्या आंबटपणामुळे गोडीही बरोबर बसते, आणि वेगळी साखर जवळजवळ लागतच नाही. त्यातच केशर आणि वेलची. आज मी हेच क्रीम सगळ्यात आधी शिकवते.

शाकाहारी पदार्थ म्हणून सांगणार असाल तर काही जमवायला जिलेटिन वापरू नका, ते प्राण्यांपासून येतं. चायना ग्रास वापरा, तो समुद्री शेवाळापासून करतात. त्याचा आणखी एक फायदा: ताज्या अननसात जिलेटिन जमत नाही, चायना ग्रास जमतो.

क्रीम काढण्याचा सराव महागाच्या सामानावर कशाला करायचा? उकडलेल्या बटाट्याचा अगदी मऊ लगदा पिशवीत भरा आणि पालथ्या वाट्यांवर फुलं काढा. लगदा परत गोळा करून परत भरता येतो. मी महिनाभर रोज संध्याकाळी चाळीस फुलं काढली. पिशवी अर्धीच भरायची, कारण तळहाताच्या उबेने क्रीम सैल होतं. दोन पिशव्या ठेवा, एक हातात, एक बर्फावर. कागदी कप आणि नोझल आम्ही रविवार पेठेतून आणली. कप घेताना दोन-तीन प्रकारचे थोडे थोडे आणून घरी भाजून बघा. पातळ कागदावर तेलाचे डाग उमटतात आणि रंग विटतो, तेलाच्या कपकेकला तर जास्तच.

मोठ्या संख्येच्या फेरीत जाण्याआधी कागदावर हिशेब करा. एका फुलाला सात सेकंद धरले तर १००० फुलांना ७००० सेकंद, म्हणजे एका माणसाला जवळजवळ दोन तास. तीन हात लागले तर चाळीस मिनिटं. मिश्रण ४५ किलो. हे आकडे समोर आले की मदतनीसांना काय सांगायचं ते आपोआप कळतं: एक फक्त भरणार, एक फक्त ओव्हन सांभाळणार, बाकीचे क्रीम काढणार. आमच्या २०० मध्येही असंच केलं. कामं वाटली की मध्येच बदलू नका. आणि एकच फूल निवडा जे सगळ्यांना येतं. आम्ही शेवटच्या फेरीत तीन वेगवेगळी फुलं ठेवली होती, पहिल्या आलेल्या जोडीने एकच, आणि त्यांची मांडणी खरोखर आमच्यापेक्षा देखणी होती.

कॅमेऱ्याबद्दल थोडंसं. सूत्रसंचालक अगदी मिश्रण भरतानाच बोलायला येतात. हात चालू ठेवून उत्तर द्यायचा सराव करा. माझा भाचा मला सरावात मुद्दाम प्रश्न विचारायचा, अभ्यासातलेसुद्धा. “हा पदार्थ का?” याचं उत्तर एका वाक्यात तयार ठेवा.

पुण्याहून मुंबईला शूटिंगला जाणाऱ्यांसाठी हवेचं सांगायलाच हवं. पुण्यातल्या कोरड्या हवेत घरी केलेली साखरेची जाळी आणि पिस्त्याची चिक्की कुरकुरीत राहते. मुंबईच्या दमट हवेत तीच तासाभरात चिकट होते, कारण साखर हवेतलं पाणी शोषते. आम्ही नेलेली चिक्की डब्यातच एकमेकींना चिकटली. तेव्हापासून वरच्या सजावटीला भाजलेला सुकामेवा, वाळवलेल्या गुलाबपाकळ्या किंवा चॉकलेटचे तुकडे वापरते. साखरेचं काही न्यायचंच असेल तर घट्ट डब्यात, तांदळाची पुरचुंडी घालून, आणि ताटलीत सगळ्यात शेवटी.

सराव किती करावा? आम्ही घड्याळ लावून अकरा वेळा केला. गुरुवारी वीज जायची म्हणून बुधवार आणि शनिवार. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, चव बघायच्या आणि काय कमी आहे ते स्पष्ट सांगायच्या. पाचव्या सरावाला त्या म्हणाल्या, “अगं, मीठ घातलंस का?” मी विसरले होते. असं एक माणूस घरात असेल तर त्याला सरावाच्या प्रत्येक दिवशी बोलवा.

आणि शेवटचे दोन सराव वेगळे करा. वेळ संपल्यावर कपकेक लगेच खाल्ला जात नाही. आधी त्याचं जवळून चित्रण होतं, मग बाकीच्या स्पर्धकांचे नंबर, दिवे बदलतात, माइक बदलतात. आमचा कपकेक पन्नास मिनिटं दिव्यांखाली होता. म्हणून घरी घड्याळ थांबलं की तयार कपकेक ओट्यावर ट्यूबलाइटखाली, उघडा, एक तास ठेवा. फ्रिजमध्ये नाही. तासाने सुरीने मधोमध कापा, सारण ओघळतंय का, क्रीम बसलंय का बघा, आणि मग तो अर्धा खा. परीक्षकांच्या ताटलीत तोच असणार आहे.