कुजक्या ओंडक्यांत जंगली भुंगेरे जगवायचे तर

पाटण, जावळी किंवा शिराळ्याच्या डोंगरकडेला मालकीचं रान असेल तर पडलेलं झाड लगेच जळणाला फोडू नका. जंगली भुंगेऱ्यांच्या कित्येक जातींच्या अळ्या कुजक्या लाकडातच वाढतात.

वळीव पडून गेला की सावलीत २ फूट खोल, ४ फूट रुंद खड्डा घ्या. आंबा, जांभूळ, उंबर यांचे वीतभर जाडीचे, ४ फुटी ओंडके सालीसकट उभे रोवा. अर्धे आत, अर्धे वर. फटींत माती आणि पालापाचोळा ठासा. साल सोलायची नाही, ओल तिच्याखालीच टिकते. आपल्याकडचा पाऊस बेताचा नाही, म्हणून वरच्या अंगाला चर काढा. पाणी तुंबलं की अळ्या गुदमरतात. शेणखत अजिबात नको, त्यात नारळावरचा गेंडा भुंगा वाढतो.

पांढरी, अर्धगोल वळलेली अळी दिसली की ऊसवाले उसाची मुळं खाणारी हुमणी समजून चिरडतात. हुमणी मातीत, जिवंत मुळांशी असते. लाकडाच्या ओल्या भुशात सापडली ती बहुधा दुसरीच; भुसा परत लोटून झाकून ठेवा. तिला वाढायला वर्ष, कधी जास्तही लागतं. दर महिन्याला उकरून बघायची हौस इथे नडते.

पहिल्या पावसात अंगणातला पांढरा दिवा रात्री बंद, भुंगेरे त्याच्याकडे ओढले जातात. वणव्यासाठी ढिगाभोवती १० फूट गवत थंडीतच कापा. ओंडके मात्र कोयना अभयारण्यातून किंवा चांदोलीतून आणायचे नाहीत. तिथलं पडलेलं लाकूडही तिथल्या भुंगेऱ्यांचंच.