मोठ्या लाटांवरच्या काइटसर्फिंग उडी-स्पर्धेत कसं उतरावं

नाव नोंदवण्याआधी स्वतःला तीन प्रश्न विचारा. सपाट पाण्यावर डाव्या आणि उजव्या, दोन्ही दिशांना जाताना घेतलेली उडी बहुतेक वेळा पायांवर उतरते का? पाण्यात पडलेला काइट (बोर्डवरच्या स्वाराला ओढणारा मोठा पतंग) कुणाच्या मदतीशिवाय पुन्हा उडवता येतो का? बोर्ड निसटला तर काइटच्या ओढीवर अंग पाण्यातून खेचत तो परत मिळवता येतो का? एकाचंही उत्तर ‘नाही’ असेल तर या खेपेला किनाऱ्यावरून बघा. लाटांमध्ये या तिन्ही गोष्टी एकाच मिनिटात कराव्या लागू शकतात.

मग नियम वाचा. कुठे बोर्डवर बसवलेल्या सेन्सरने मोजलेली एकच सर्वांत उंच उडी धरतात, कुठे दोन-तीन उड्यांची बेरीज करतात, तर कुठे पंच उंचीबरोबर सफाई आणि धाडसही बघतात. एकच उडी मोजणार असतील तर हीटमधला (म्हणजे स्पर्धेच्या एका फेरीतला) बराचसा वेळ चांगल्या लाटेची वाट बघण्यात घालवणं परवडतं. बेरीज असेल तर आधी एक भरवशाची उडी पदरात पाडून घ्यावी. केपटाउनच्या ‘रेड बुल किंग ऑफ द एअर’मध्ये स्वार हवेत असताना काइट खाली गरकन फिरवतात, ते बघून स्थानिक स्पर्धेत पहिल्यांदा तसा लूप मारायला जाऊ नका. स्पर्धा ही नवी कसरत शिकायची जागा नव्हे.

काइट निवडताना वाऱ्याचा हिशेब नीट करा. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. २० नॉटचा वारा (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर) ३० नॉट झाला की ओढ दीडपट नाही, सव्वादोन पट होते. साधारण ७५ किलोच्या स्वाराला ३० नॉटमध्ये ७ ते ९ चौरस मीटरचा काइट लागतो. दोन मापांमध्ये मन अडकलं तर मी लहानच घेतो, कारण लहान काइट लवकर वळतो आणि लाटांमध्ये ते चपळपण जास्त कामाला येतं. हेल्मेट आणि आदळण्याचा मार झेलणारं इम्पॅक्ट जॅकेट घालाच. बोर्ड दोरीने अंगाला बांधू नका, पडल्यावर तो ताणून परत येतो आणि डोक्यावर बसतो. क्विक रिलीज, म्हणजे काइटपासून झटक्यात सुटका करणारं साधन, किनाऱ्यावर एकदा खरोखर ओढून बघा. वाळू शिरून ते घट्ट झालेलं असू शकतं.

वारा किनाऱ्याकडून समुद्रात जाणारा असेल तर पाण्यात जाऊ नका, मग आयोजक काहीही म्हणोत. किनाऱ्याला समांतर किंवा थोडा किनाऱ्याकडे येणारा वारा हवा. वीस मिनिटं नुसतं उभं राहून लाटा बघा. मोठ्या लाटा टोळीने येतात. एका टोळीत किती, मधे शांतता किती वेळ, कुठे फुटतात, फेसाचं पाणी कुठे खेचलं जातं, हे सगळं तेव्हाच कळतं.

आता उडी. समुद्राकडे जाताना समोरून येणारी लाट हाच तुमचा उडीसाठीचा चढ. ती फुटलेली नको आणि अगदी मऊ, पसरटही नको. जिचा माथा उभा राहतोय पण अजून कोसळला नाही, ती घ्या. समजा तुम्ही उजवीकडे चालला आहात आणि काइट घड्याळातल्या एकच्या जागी आहे (बारा म्हणजे बरोबर डोक्यावर). बोर्डची कड पाण्यात रुतवून वेग धरा, लाट जवळ येताच काइट बाराकडे झटक्यात फिरवा आणि कड सोडू नका. इथेच बहुतेकांचं चुकतं: काइट वर जायला लागला की कड सैल सोडतात, लाईनींमधला (काइटच्या दोऱ्यांमधला) ताण निघून जातो आणि लाट फुकट जाते. काइट डोक्यावर येणं आणि बोर्ड लाटेच्या सर्वांत उभ्या भागावर असणं, हे एकाच क्षणी जुळलं पाहिजे. त्या क्षणी बार (काइट वळवायचा हातातला दांडा) आत ओढा, पाय ताठ करा, मग वर जाताना गुडघे पोटाशी घ्या. मोठा काइट सावकाश फिरतो, म्हणून त्याला थोडं आधी वळवावं लागतं. किती आधी, हे स्वतःच्या काइटवर सराव करूनच समजतं.

हवेत काइट डोक्यावर ठेवा. खाली यायला लागलं की बारने त्याला जायच्या दिशेला झुकवा, म्हणजे तो पुढे ओढेल आणि आदळणं घसरण्यात बदलेल. बोर्डचं नाक थोडं वारा जातो त्या दिशेला, गुडघे मऊ. लाटेवरून उडालात की खाली तिची पाठ किंवा दोन लाटांमधला खोलगा असतो, म्हणजे पडायचं अंतर अंदाजापेक्षा जास्त. काइटच्या आधाराशिवाय १० मीटरवरून पडलं तर पाण्याला टेकताना वेग ताशी ५० किलोमीटरच्या आसपास असतो. म्हणून उतरताना घाबरून बार पूर्ण सोडून देऊ नका.

उडी घेण्याआधी वारा जातो त्या बाजूला निदान ५० मीटर आणि वारा येतो त्या बाजूला ३० मीटर जागा मोकळी आहे ना, ते बघा. हीटमधली घाई हे विसरायला लावते.

पडलात तर आधी लाईनी कुठे आहेत ते शोधा आणि त्यांच्यापासून हात-पाय लांब ठेवा. लाट काइटवर फुटणार असेल तर बार बाहेर सोडून ताण कमी करा, ती गेली की लगेच काइट उठवा. पुढची लाट येईपर्यंत थोडेच सेकंद मिळतात. लाईनी अंगाभोवती आल्या किंवा काइट लाटेत गुंडाळला तर क्विक रिलीज ओढा आणि हात वर करून बचाव बोटीला खूण करा. ती हीट सोडून द्यायची.

दोन हीटच्या मधे पाणी प्या, हार्नेस (काइटची ओढ घेणारा कमरेचा पट्टा) सैल करा आणि लाईनी टोकापासून टोकापर्यंत बोटांनी चाचपून या. खरखरीत लागलं किंवा धागा सुटलेला दिसला तर ती लाईन पुढच्या हीटआधी बदला.