स्लबचे कापड पारखताना: नक्षी कोणती आणि दोष कोणता

कोल्हापूरच्या दुकानात इचलकरंजीच्या मागांवर विणलेले स्लबचे, म्हणजे अधूनमधून जाड होणाऱ्या सुताचे, कापड घेताना, त्यातल्या जाड-बारीक रेघा मुद्दाम काढल्या आहेत की सूतच खराब आहे, असा प्रश्न हमखास पडतो. नुसता हात फिरवून त्याचे उत्तर मिळत नाही. कापडाच्या कापलेल्या टोकाकडून बाण्याचे (आडवे) चार-पाच धागे पूर्ण पन्ह्याच्या लांबीचे उसवून काढावेत.

हे धागे न ताणता सरळ करून काळ्या पाटीवर शेजारी शेजारी ठेवावेत आणि लागोपाठच्या जाड जागांमधील अंतर पट्टीने मोजावे. अंतर कधी चार, कधी अकरा, कधी सात सेंटिमीटर असे विस्कळीत आले, आणि जाड जागांची ठेवण मात्र एकसारखी दिसली, तर तो बहुधा मुद्दाम सोडलेला स्लब असतो. उलट, दर खेपेस साधारण साडेआठ सेंटिमीटरच भरू लागले, तर सूत कातणाऱ्या यंत्राच्या, म्हणजे रिंग फ्रेमच्या, पुढच्या रोलरवर संशय घ्यावा, कारण 27 मिलिमीटर व्यासाच्या रोलरचा परीघ सुमारे 85 मिलिमीटर असतो आणि वाकलेला रोलर प्रत्येक फेऱ्यात त्याच जागी सूत बिघडवतो. असे सूत विणले की कापडावर लाटा किंवा चौकटीचे शंकरपाळे उमटतात, आणि ते लांबूनच अधिक स्पष्ट दिसतात.

मग जाड जागेचा पीळ उलटा फिरवून पाहावा. पीळ बारीक जागेकडे धावत असल्याने स्लब मऊ राहतो आणि सहज उकलतो. गाठ उकलत नाही. रंगवलेल्या कापडावरचे पांढरे ठिपके मात्र निराळे: ते कच्च्या तंतूंच्या गुंत्याचे, म्हणजे नेप्सचे असतात, आणि असे तंतू रंग नीट धरत नाहीत.

स्वतः विणून घेणाऱ्याने स्लब शक्यतो बाण्यातच वापरावा. ताण्यात (उभ्या धाग्यांत) घातल्यास जाड जागा मागाच्या फणीत अडकून धागे तुटतात, आणि मग कारागिराला दोष देण्यात अर्थ नसतो. रॅपियर मागावर (धोट्याविना बाणा भरणाऱ्या मागावर) सुताच्या दोन कोनांवरून, म्हणजे शंकूच्या आकाराच्या गुंड्यांवरून, आलटून-पालटून बाणा भरल्यास पट्टे उठण्याची शक्यता कमी होते. कोरे, म्हणजे मागावरून उतरल्यावर न धुतलेले, कापड असेल, तर अर्धा मीटर आधी गरम पाण्यात धुवावे, कारण खळीखाली दबलेली सुताची खरी जाडी खळ निघाल्यावरच दिसते.