काळा तेवढा कडकनाथ नव्हे : पैदाशीचा कळप उभा करताना

मध्य प्रदेशातील झाबुआ, अलीराजपूर आणि धार या जिल्ह्यांत भिल्ल व भिलाला समाजांनी पिढ्यान्पिढ्या सांभाळलेला कडकनाथ आता महाराष्ट्रातही ठिकठिकाणी पाळला जातो. त्यांत जातिवंत पक्षी किती, हा प्रश्न मात्र वेगळा. झाबुआच्या कडकनाथाच्या काळ्या मांसाला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. गावरान कोंबड्यांशी झालेल्या संकराची पिल्लेही त्याच नावाने आणि त्याच भावाने विकली जातात. ज्याला प्रदर्शनात मांडता येईल असा, सर्वांगाने काळा आणि पुढच्या पिढीतही तसाच उतरणारा कळप हवा आहे, त्याने पक्षी विकत घेण्याआधी हा काळेपणा बापाकडून कसा येतो आणि आईकडून कसा, हे नीट समजून घ्यावे.

कडकनाथाची कातडी, मांस आणि आतली इंद्रिये काळी होतात ती एका प्रभावी जनुकामुळे. इंडोनेशियातील आयाम सेमानी आणि चीनमधील सिल्की या जातींतही हाच बदल आढळतो. (रक्त मात्र लालच असते आणि अंडे फिकट तपकिरी. काळ्या अंड्यांची छायाचित्रे फिरत असतात. ती पाहून कोणी पैसे मोजू नयेत.) दुसरे एक जनुक कातडीतील हे काळे रंगद्रव्य दाबून टाकते आणि ते लिंग ठरवणाऱ्या गुणसूत्रावर असते. पांढऱ्या किंवा पिवळ्या पायांच्या कोंबड्यांत ते असते, कडकनाथात नसते. मादी पिल्लाला हे गुणसूत्र केवळ बापाकडून मिळते. त्यामुळे कडकनाथ कोंबडा आणि पांढऱ्या पायांची गावरान कोंबडी यांच्या पिल्लांतले नर फिकट निघतात, पण माद्या जवळजवळ बापाइतक्याच काळ्या असतात. विल्यम बेटसन आणि रेजिनाल्ड पनेट यांचे सिल्कीवरील याविषयीचे प्रयोग १९११ साली प्रसिद्ध झाले. आपल्या बाजारात मात्र ही गोष्ट ठाऊक नसल्याने अर्धी गावरान असलेली काळीकुट्ट तलंग (अजून अंड्यावर न आलेली तरुण कोंबडी) जातिवंत म्हणून सहज खपते.

म्हणून पारख कोंबड्यापासून सुरू करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. पैदाशीसाठी ठरवलेला कोंबडा आधी पांढऱ्या पायांच्या चार-पाच गावरान कोंबड्यांत सोडावा आणि त्यांची अंडी उबवून घ्यावीत. नर पिल्ले फिकट निघतील, त्यावरून कोंबड्याला दोष देऊ नये. दहा-बारा आठवड्यांत तुऱ्यावरून नर-मादी कळू लागली, की फक्त तलंगा तपासाव्यात. कोंबडा शुद्ध असेल तर एकूण एक तलंग काळी असते. त्याच्यात काळेपणाचे जनुक एकेरीच, म्हणजे आई-बापांपैकी एकाकडूनच आलेले असेल, तर सुमारे निम्म्या तलंगांची कातडी काळी नसते. अशा एकेरी कोंबड्याला लागोपाठ सात काळ्याच तलंगा होण्याची शक्यता १२८ मध्ये एक इतकी कमी असल्याने सात-आठ तलंगांवर निर्णय करण्यास हरकत नाही. एकही फिकट निघाली, तर कोंबडा कितीही देखणा असो, तो बाद करावा. या चाचणीतल्या तलंगा अंड्यांसाठी ठेवाव्यात. त्या पैदाशीच्या खुराड्यात चुकूनही जाता कामा नयेत.

पक्षी हातात घेऊन पाहायचा तो सकाळच्या उजेडात. चोच हलकेच उघडून जीभ आणि टाळू पाहावी, कारण पिसे काळी असलेल्या संकरित पक्ष्याच्या तोंडात गुलाबी डाग अनेकदा सापडतो. मग पंख उचलून काखेतली आणि छातीवरची पिसे फुंकर मारून बाजूला करावीत व खालची कातडी पाहावी. तुऱ्याबाबत थोडी सूट द्यावी लागते : भरात आलेल्या कोंबड्याचा आणि अंड्यावर असलेल्या कोंबडीचा तुरा रक्त चढल्याने जांभळट दिसतो, तो दोष नव्हे, लालभडक तुरा मात्र चालत नाही. तुरा एकेरी, कोंबड्याचा ताठ, दाते सारखे असावेत; बाजूने फुटलेला जादा दाता पुढच्या पिढीत उतरतो. वाकडी बोटे, तिरपी चोच, एका बाजूला कललेले शेपूट असलेला पक्षी निवडू नये. लहान वयात पंखाच्या टोकाला दिसणारे पांढरे पीस पुष्कळदा पिसे बदलताना जाते, तेव्हा ते पाहून घाईने पक्षी काढू नये. अंतिम निवड २० ते २४ आठवड्यांना करावी. गर्द काळा, मानेवर रुपेरी रेघांचा आणि सोनेरी झाक असलेला, असे तीन प्रकार आहेत. ते एकत्र सोडले तर पिसांचा रंग दर पिढीला बदलत राहतो.

सर्वांत मोठी चूक होते ती एकाच सुंदर कोंबड्यावर सगळा कळप चालवण्याची. दोन कोंबडे आणि दहा कोंबड्या एवढ्यावर पैदास केली, तर अंतःप्रजनन (जवळच्या नात्यातली पैदास) दर पिढीला सुमारे साडेसात टक्क्यांनी वाढते. पाच कोंबडे आणि पंचवीस कोंबड्या ठेवल्या तर तीन टक्क्यांनी. उबवण क्षमता घटणे आणि पिल्ले मरतुकडी निघणे हा त्याचा परिणाम. तीन वेगळ्या ठिकाणांहून आणलेल्या पक्ष्यांची तीन खुराडी करावीत, तलंगा आईच्याच खुराड्यात राहू द्याव्यात आणि दरवर्षी पहिल्याचे तरुण कोंबडे दुसऱ्यात, दुसऱ्याचे तिसऱ्यात व तिसऱ्याचे पहिल्यात द्यावेत. कोंबडा बदलल्यावर तीन आठवडे अंडी उबवणीला घेऊ नयेत, कारण आधीच्या कोंबड्याचे बीज कोंबडीच्या शरीरात दोन-तीन आठवडे टिकते.

कडकनाथ कोंबडी सहसा चांगली खुडूक होत नाही, म्हणून अंडी गावरान कोंबडीखाली किंवा यंत्रात ठेवावीत. सात दिवसांपेक्षा जुनी अंडी घेऊ नयेत. यंत्राचे तापमान ३७.५ अंश सेल्सिअस राखावे, अठराव्या दिवसापर्यंत अंडी फिरवावीत आणि शेवटचे तीन दिवस आर्द्रता वाढवावी. एकविसाव्या दिवशी पिल्ले बाहेर आली, की तिन्ही खुराड्यांची पिल्ले एकमेकांत मिसळण्यापूर्वीच बोटांमधल्या पातळ पडद्याला बारीक छिद्र पाडून खूण करावी. दोन्ही पायांचे मिळून चार पडदे असल्याने सोळा वेगवेगळ्या खुणा होतात, म्हणजे तीन खुराड्यांच्या पाच वर्षांच्या तुकड्या ओळखता येतात आणि एक खूण शिल्लक राहते. कोणती खूण कोणाची हे त्याच दिवशी वहीत लिहावे. मानमोडी (राणीखेत) रोगाची पहिली लस दिल्याची तारीखही त्याच ओळीत लिहिली, तर वेगळी नोंद शोधावी लागत नाही.